एजंटच्या कमिशनचा आकडा वाटपपत्रावर छापा: महारेराला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

विषय: नव्या प्रकल्पांतील एजंटांची घाई, लपलेले कमिशन आणि भाड्याच्या व्यवहारातील मोकळे रान.

महोदय,

मुंबई-पुण्यात घर परवडत नाही ते एजंटांमुळे, असे आमचे म्हणणे नाही. जमिनीचा भाव, वाढीव एफएसआयसाठी (भूखंडावर जास्त बांधकाम करण्याच्या परवानगीसाठी) भरावे लागणारे अधिमूल्य, कर्जाचे व्याज आणि सरकारचे कर यांनी घर महाग होते. पण ७५ लाखांचे म्हणून दाखवलेले घर ८५ लाखांना पडते आणि हे कुटुंबाला टोकन दिल्यावर कळते, तेव्हा त्यात एजंटचा हात असतो. तो एजंट स्वभावाने वाईट असतोच असे नाही. त्याचे पैसे ज्या पद्धतीने ठरतात, ती पद्धतच त्याला घाई करायला लावते. ही पद्धत बदलण्याचे बरेचसे अधिकार आपल्याकडे आहेत, म्हणून हे पत्र.

सुरुवात फोनपासून करू. "हिंजवडीजवळ, नामांकित बिल्डर, फक्त एकदा साइट व्हिजिट करून जा," एवढेच सांगितले जाते. प्रकल्पाचे नाव विचारले की टाळाटाळ. याचे कारण टॅगिंग. चॅनेल पार्टनर, म्हणजे बिल्डरसाठी ग्राहक आणणारा एजंट, ग्राहकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक बिल्डरच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवतो. ज्याने आधी नोंदवला, त्याच्या नावावर तो ग्राहक ठरावीक मुदतीपुरता, साधारण महिना-दोन महिने, लागतो. त्या मुदतीत त्या क्रमांकावर फ्लॅट बुक झाला, तर कमिशन त्याचे. म्हणजे ग्राहकाला घर दाखवण्याआधी एजंटचे पहिले काम काय, तर त्याचा क्रमांक यादीत घालणे. नाव आधीच सांगितले तर ग्राहक थेट सेल्स ऑफिसला जाईल, ही भीती.

ग्राहक मग रविवारी स्वतःहून तिथे गेला, तरी त्याच्याकडून फॉर्म भरून घेतात आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात. तो ओटीपी सांगितला की बऱ्याच ठिकाणी टॅग पक्का होतो. त्याने सही कशावर केली, हे त्याला कोणी सांगत नाही. पुढे भाव करताना तो म्हणतो, "मी थेट आलोय, दलाली वाचली, तेवढे कमी करा." मॅनेजर नकारार्थी मान हलवतो, कारण पडद्यावर अमुक पार्टनरचे नाव झळकत असते. ज्या दुसऱ्या एजंटने खरोखर चार प्रकल्प फिरवून दाखवले, तो ग्राहकाला सुचवतो की बुकिंग बायकोच्या किंवा वडिलांच्या नंबरवरून करा. एका फ्लॅटमागे दोन-तीन एजंट भांडतात आणि त्या भांडणात ग्राहकाच्या घरी दिवसाला दहा फोन येतात.

दुसरी गोष्ट स्लॅबची. कमिशन बहुधा सरसकट टक्केवारीने मिळत नाही, महिन्यात किती फ्लॅट विकले त्यावर टक्का चढतो, आणि चढलेला टक्का अनेकदा आधीच्या फ्लॅटनाही लागतो. समजा चार फ्लॅटपर्यंत ३ टक्के आणि पाचव्यापासून सगळ्यांवर ४ टक्के असा स्लॅब आहे आणि प्रत्येक फ्लॅट ७५ लाखांचा आहे. चार विकले तर ९ लाख. पाच विकले तर १५ लाख. पाचव्या फ्लॅटवर एजंटला कागदोपत्री ३ लाख मिळतात, पण प्रत्यक्षात त्या एका बुकिंगची किंमत त्याच्यासाठी ६ लाख असते. महिन्याच्या २८ तारखेला येणाऱ्या "सर, आज रात्री बारापर्यंतच रेट आहे" या फोनचा अर्थ इथे आहे. रेट बहुधा पुढच्या महिन्यातही तोच असतो. संपत असतो तो एजंटचा स्लॅब.

"आम्ही ग्राहकाकडून एक रुपयाही घेत नाही," हे वाक्य प्रत्येक एजंट म्हणतो आणि ते शब्दशः खरे असते. पैसे बिल्डर देतो. पण ७५ लाखांवर ४ टक्के म्हणजे ३ लाख आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी ५४ हजार. १ एप्रिल २०१९ पासून निवासी बांधकामावर ५ टक्के किंवा १ टक्का जीएसटी लागतो आणि त्यात बिल्डरला इनपुट क्रेडिट (स्वतः भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही. त्यामुळे तो ५४ हजारही खर्चातच जातो. साडेतीन लाखांच्या वरची ही रक्कम प्रति चौरस फूट दरात आधीच बसलेली असते. करारनाम्यात एजंटचे नाव आणि नोंदणी क्रमांक असला, तरी कमिशनचा रुपयांतला आकडा ग्राहकाच्या नजरेस सहसा पडत नाही.

आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी हीच. वाटपपत्राच्या, म्हणजे बुकिंगनंतर बिल्डर ग्राहकाला देतो त्या पत्राच्या, पहिल्या पानावर एक ओळ सक्तीची करा: या सदनिकेच्या विक्रीसाठी अमुक एजंटला, अमुक नोंदणी क्रमांकाला, प्रवर्तक (बिल्डर) अमुक रुपये कमिशन देईल. एजंट नसेल तर तिथे शून्य लिहा. हा आकडा दिसला की थेट आलेला ग्राहक भाव करू शकेल आणि एजंटमार्फत आलेला ग्राहक त्याच्याकडून त्या पैशांचे काम मागू शकेल. सोबत टॅगिंगसाठीही नियम हवा. ग्राहकाचा क्रमांक नोंदवण्याआधी प्रकल्पाचे नाव, एजंटचा क्रमांक आणि टॅगची मुदत लिहिलेला संदेश त्याच्याकडे जावा आणि त्याला "नको" म्हणता यावे. ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे, हे मराठीत लिहिलेले असावे.

आता ७५चे ८५ कसे होतात ते पाहू. पुण्यात बांधकाम चालू असलेला ७५ लाख करारमूल्याचा फ्लॅट घ्या. जीएसटी ५ टक्के म्हणजे ३ लाख ७५ हजार. मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार (मुंबईत ६ टक्के, खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत). नोंदणी फी ३० हजार. दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ, दरमहा ४ हजार धरला तर ९६ हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १ लाख १३ हजार. बेरीज ८५ लाख ४३ हजार. लीगल चार्जेस, वीज-पाणी जोडणी, क्लब हाउस यांची नावे अजून घेतलेलीच नाहीत.

कर्जाचे गणित याहून दुखते आणि एजंट ते जवळजवळ कधीच नीट मांडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढेच कर्ज देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. अपवाद फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांचा. जीएसटी काही बँका धरतात, काही नाही. तो न धरल्यास ७५ लाखांच्या फ्लॅटला ६० लाख मिळतात. उरलेले २५ लाख ४३ हजार घरातून काढावे लागतात. "फक्त दहा टक्के भरा, बाकी बँक बघेल" हे वाक्य ऐकून आलेल्या कुटुंबाकडे एवढे नसतात, मग सोने, भविष्य निर्वाह निधी आणि वर एखादे वैयक्तिक कर्ज. ६० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ५२ हजार रुपये. एकूण व्याज जवळपास ६५ लाख. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आत राहावा असे धरले, तर घरात महिना एक लाख चार हजार यायला हवेत, आणि त्या काळात राहत्या घराचे भाडेही चालूच असते.

कमिशन बहुतेक ठिकाणी करारनामा नोंदवल्यावर आणि दहा-वीस टक्के रक्कम जमा झाल्यावर मिळते. म्हणून कर्ज मंजूर होण्याआधीच नोंदणी उरकण्याचा आग्रह असतो. मग बँकेने मूल्यांकन कमी काढले किंवा जुन्या वाहनकर्जामुळे मंजुरी दहा लाखांनी घटली, तर ग्राहक मधल्या मध्ये लटकतो. मुद्रांक शुल्क भरून झालेले असते. ते परत मिळवायचे तर आधी रद्दलेख नोंदवा, मग वेगळा अर्ज करा, मग वाट पाहा. क्रम उलटा हवा: आधी बँकेचे मंजुरीपत्र, मग मुद्रांक शुल्क. हे एजंटने ग्राहकाला लेखी सांगावे, असे आपण त्यांच्या आचारसंहितेत घालू शकता.

४५ लाखांची युक्ती मुद्दाम सांगतो, कारण तिच्यात शिकलेली माणसेही फसतात. किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत (जीएसटीच्या महानगरांच्या यादीत पुणे नसल्यामुळे तिथे ९० पर्यंत) असेल, तर जीएसटी १ टक्का. एजंट फ्लॅट ४४ लाख ९० हजारांना दाखवतो. पार्किंगचे ३ लाख वेगळ्या कागदावर. पण ४५ लाखांची मर्यादा मोजताना पार्किंग, मजल्याचे किंवा दिशेचे जादा पैसे, विकास शुल्क असे बिल्डरने घेतलेले सगळे धरायचे असते. ४७ लाख ९० हजारांवर ५ टक्के म्हणजे २ लाख ३९ हजार ५००. सांगितलेले होते ४४ हजार ९००. फरक जवळपास दोन लाखांचा, आणि त्याची मागणी येते तेव्हा एजंटने फोन उचलणे बंद केलेले असते. पार्किंगबाबत आणखी एक: उघडी जागा बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. तरी "ओपन पार्किंग दीड लाख" ऐकू येतेच.

क्षेत्रफळाचा खेळ जुना आहे, पटकन उरकतो. रेरा कायद्यातले चटई क्षेत्र म्हणजे आतल्या भिंतींसह वापराची जागा. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाहीत. एजंट "साडेसहाशे कार्पेट" म्हणतो तेव्हा त्यात ड्राय बाल्कनीसुद्धा असते. महारेराच्या पानावर आकडा चौरस मीटरमध्ये असतो, त्याला १०.७६४ ने गुणावे. ५२.३० आले तर ते ५६३ चौरस फूट आहे, ६५० नाही.

"शेवटचे तीनच फ्लॅट उरलेत" हे तपासण्याचे साधन आपल्याच संकेतस्थळावर आहे, आणि ग्राहकांना ते माहीत नाही. प्रवर्तकाला दर तिमाहीला प्रगतीचा तपशील भरावा लागतो. सनदी लेखापालाच्या फॉर्म ३ ला विकलेल्या आणि न विकलेल्या सदनिकांची यादी जोडलेली असते. सेल्स ऑफिसच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लाल ठिपके चिकटवायला दोन मिनिटे लागतात, पण फॉर्म ३ वर सीएची सही असते. अडचण एवढीच की ही माहिती पानाच्या खाली, वेगवेगळ्या पीडीएफमध्ये विखुरलेली आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलात ते चांगले झाले. तो स्कॅन केल्यावर सर्वांत वर फक्त चार गोष्टी मराठीत दिसाव्यात: एकूण सदनिका, विकलेल्या, ताब्याची तारीख आणि ती आतापर्यंत किती वेळा पुढे ढकलली गेली.

टोकनबद्दल. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणून बाजारात ९.९ टक्क्यांची पद्धत पडली. ७५ लाखांवर ७ लाख ४२ हजार ५०० भरून माणूस बसतो आणि करारनामा महिनोन्‌महिने होत नाही. आपल्या आदर्श वाटपपत्रात रद्द करण्याची स्पष्ट तरतूद आहे: १५ दिवसांत रद्द केल्यास कपात नाही, १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. कोणताही एजंट हे सांगत नाही, कारण बुकिंग रद्द झाले की त्याचे कमिशन जाते. उलट "टोकन नॉन-रिफंडेबल आहे" असे छापलेल्या पावत्या फिरतात. वाटपपत्र न देता नुसत्या पावतीवर पैसे ठेवले की पंधरा दिवसांचे घड्याळ सुरूच होत नाही, ही यातली खरी मेख. म्हणून रक्कम मिळाल्यापासून तीन दिवसांत वाटपपत्र देणे बंधनकारक करा आणि हा कपातीचा तक्ता पावतीवरच मोठ्या अक्षरांत छापायला लावा. धनादेश कुणाच्या नावे, हेही तिथेच हवे. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पाला तीन खाती ठेवावी लागतात आणि ग्राहकाचा पैसा त्यांतल्या संकलन खात्यातच जायला हवा. एजंटच्या किंवा एखाद्या मार्केटिंग एलएलपीच्या नावे मागितलेला धनादेश देऊ नये.

प्री-लॉन्चच्या नावाखाली घेतल्या जाणाऱ्या ईओआयकडे (खरेदीची इच्छा दाखवणाऱ्या अर्जाकडे) आपण डोळेझाक करू नये. नोंदणीआधी जाहिरात, विक्री, बुकिंग तर नाहीच, पण खरेदीसाठी निमंत्रण द्यायलाही कलम ३ ची मनाई आहे. "हा चेक आम्ही भरणार नाही, फक्त ठेवून घेतो," हेही निमंत्रणच झाले. असे संदेश व्हॉट्सअॅपवर येतात आणि नंतर पुसले जातात. ग्राहकाने ते ई-मेलवर मागून घ्यावेत, कारण खोट्या माहितीवर पैसे भरले असतील तर कलम १२ खाली भरपाई मागता येते आणि तिथे पुरावा लागतो.

नोंदणी नसलेल्या एजंटला कलम ६२ खाली दिवसाला १० हजार रुपये, कमाल किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. नोंदणी असलेल्याची नोंदणी गैरवर्तनासाठी रद्द करता येते. प्रशिक्षण आणि परीक्षा आपण सक्तीची केली, प्रमाणपत्र नसलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली, हे आम्ही विसरलेलो नाही. पण परीक्षा मालकाने किंवा मॅनेजरने द्यायची आणि फोनवर बोलणारा मुलगा तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेला, अशी स्थिती आहे. तो कोणाच्या नोंदणीवर बोलतो आहे, हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे. तक्रारीची फी ५ हजार रुपये आहे. बिल्डरविरुद्ध लाखोंच्या दाव्यासाठी ती ठीक, पण एजंटने खोटे सांगितले एवढ्यासाठी कोण पाच हजार भरणार? एजंटविरुद्धच्या तक्रारींसाठी फी ५०० रुपये ठेवा. एजंटच्या नावासमोर संकेतस्थळावर तक्रारींची संख्या आणि निकालही दिसू द्या.

आता भाड्याकडे वळतो. घर परवडत नाही म्हणून जी माणसे भाड्याने राहतात, त्यांच्यावर एजंटची हुकूमत सर्वांत जास्त आणि कायदा सर्वांत कमी. कलम ९ ची नोंदणी फक्त रेरात नोंदलेल्या प्रकल्पातील विक्रीसाठी लागते. जुन्या सोसायटीतली पुनर्विक्री आणि सगळा भाडेव्यवहार त्याबाहेर. मुंबईत अकरा महिन्यांना एक महिन्याचे भाडे दलाली, नूतनीकरणाला पुन्हा अर्धे किंवा पूर्ण, दोन एजंट असले तर दोघांचे वाटे. नूतनीकरणात एजंटने काय काम केले, याचे उत्तर कोणी देत नाही. दाखवायचा फोटो एका घराचा, प्रत्यक्षात "ते कालच गेले, दुसरे बघा".

कराराच्या कागदावरही पैसे काढले जातात. २५ हजार भाडे, १ लाख अनामत, ११ महिने असा व्यवहार धरा. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, म्हणजे साधारण ७१० रुपये. नोंदणी फी शहरात १ हजार. त्यावर दस्त हाताळणीचे आणि घरी येऊन अंगठा घेणाऱ्याचे काही पैसे, एवढाच खर्च. एजंट "अॅग्रीमेंटचे सहा हजार" म्हणतो तेव्हा या ओळी त्याच्यासमोर ठेवाव्यात. काही जण घरमालकाला "नोटरी पुरे" असे सांगतात. ते मालकाच्याच अंगाशी येते: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात.

भाड्याचे एजंट आपल्या कक्षेत नाहीत, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. पण रेरा कायद्याच्या कलम ३२ खाली राज्य सरकारला शिफारशी करणे हे आपलेच काम आहे. शिफारस तीन ओळींची पुरे: भाडे आणि पुनर्विक्रीच्या एजंटांना नोंदणी सक्तीची, भाड्याची दलाली दोन्ही बाजू मिळून एका महिन्याच्या भाड्याहून जास्त नाही आणि नूतनीकरणाला शून्य, आणि ऑनलाइन भाडेकराराच्या नमुन्यात एजंटचा क्रमांक व घेतलेली दलाली यांसाठी एक रकाना. नोंदणी विभागाच्या प्रणालीत रकाना वाढवायला कायदा बदलावा लागत नाही, ते काम आधी होऊ शकते.

वाटपपत्रातली कमिशनची ओळ आणि पावतीवरचा कपातीचा तक्ता यांना तर आपला एक आदेशच पुरेसा आहे. त्याचा मसुदा तयार करून हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. आमच्या सूचना आम्ही नमुना-पत्रांसह लेखी देऊ.

आपले,
घर घेणाऱ्यांचे आणि भाडेकरूंचे कागद तपासून देणारे काही वकील, सनदी लेखापाल आणि गृहनिर्माण संस्थांचे कार्यकर्ते
मुंबई, ठाणे, पुणे